मंदानं राखलेला बांध

न्यायालयातल्या शिपायानं दारातून मान बाहेर काढून “साक्षीदार मंदाकिनी वाघमारे…” असा पुकारा केला, तेव्हा मंदा या जगात नव्हती आणि ते आम्हां कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं रिवाजाप्रमाणे पुन्हा आरोळी दिली. व्हरांड्यातली चार माणसं उगाच इकडेतिकडे बघू लागली. मी मनातल्या मनात चडफडत होते, कारण मंदा कधी उशीर करत नसे. तारखेला ती माझ्याआधी येऊन बाकावर डबा उघडून बसलेली असे. तेवढ्यात माझ्या काळ्या कोटाच्या खिशात फोन थरथरला. गारखेड्यातली तिची शेजारीण होती. दार आतून बंद, हाक मारली तरी ओ नाही, शेवटी कडी तोडली… मंदा पलंगाशेजारी जमिनीवर. डॉक्टर म्हणाले, झोपेतून उठतानाच हृदय थांबलं असावं. मी फोन ठेवला आणि न्यायाधीशांना सांगितलं की साक्षीदार मयत झाल्या आहेत. चाळीस वर्षं मैत्रीण असलेल्या मंदासाठी माझ्या तोंडून ‘मयत’ हा शब्द गेला, कारण तिथं तोच चालतो. आरोपीचे वकील लगेच उठले. त्यांनी आधी खेद व्यक्त केला आणि त्याच श्वासात म्हणाले, “उलटतपासणी झालेली नाही, तेव्हा या साक्षीला काही किंमत देऊ नये.” याच गृहस्थांनी कधी ताप आला म्हणून, कधी दुसऱ्या कोर्टात आहे म्हणून, कधी फाइल घरी राहिली म्हणून ती उलटतपासणी पुढं ढकलली होती. मला त्यांच्या तोंडावर फाइल मारावीशी वाटली. मी पुढची तारीख लिहून घेतली आणि गारखेड्याला गेले.

तिच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर निळी फवारणीची बाटली होती, कपड्यांवर पाणी मारायची. तिच्या बाजूला खुर्चीच्या पाठीवर मोतिया रंगाची सुती साडी घडी घालून ठेवलेली. कोर्टासाठी तिनं ती आदल्या संध्याकाळी इस्त्री केली असणार. अंगावर साडी कडक नसेल तर वकील आपल्याला गबाळी समजतो आणि गबाळ्या बाईचं कुणी ऐकत नाही, असं तिचं मत होतं. मी साडी उचलली आणि तिथंच बसून रडले. मग राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. हा लेख मी रागातच लिहिते आहे, हे वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

मंदा आणि मी विद्यार्थिनी वसतिगृहात एका खोलीत राहिलो. ती सूतगिरणीत काम करणाऱ्या बापाची मुलगी, घरात बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली पुस्तकांची फळी. मी गंगापूरकडच्या बागायतदाराची, घरात पुस्तक म्हणजे पंचांग. सुट्टीत मी तिला आमच्या मळ्यावर नेलं, तर ही दिवसभर खाली मान घालून ढेकळांतून फिरत राहिली आणि संध्याकाळी ओच्यात खापरं घेऊन आली. माझे वडील म्हणाले, “पोरी, काय हरवलं का तुझं?” ती म्हणाली, “माझं नाय काका, तुमच्याच रानात कुणाचं तरी घर हरवलंय.” वडील हसले, पण पुढं नांगरट करताना खापर लागलं की ते बाजूला काढून ठेवायचे आणि मंदा आली की तिच्यापुढं मांडायचे. पुढं ती पुरातत्त्वाची प्राध्यापक झाली. गोदाकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या गाडल्या गेलेल्या वस्तीच्या, टेकाडांवर तिनं कित्येक हिवाळे घालवले. तिचं घर म्हणजे वर्तमानपत्रांचे ढिगारे. आवरायला घेतलं की ओरडायची, “वरचं अलीकडचं, खालचं जुनं. मधी हात घालू नकोस, थर बिघडतील.” मला वाटे ही आळशीपणाची सबब आहे. ती तशी होतीही. पण तिचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात होतं, हे मला फार उशिरा कळलं.

तिच्या कामाची एक रीत इथं सांगायलाच हवी. उत्खननात चौकोनी खड्डे घेतात आणि दोन खड्ड्यांच्या मध्ये हात-दोन हात रुंदीची माती न खणता तशीच उभी ठेवतात. मजूर तिला बांधच म्हणत. त्या बांधाच्या उभ्या अंगावर सगळे थर एकावर एक दिसतात. खड्डे खणून होतात, वस्तू संग्रहालयात जातात, पण बांध जागेवर राहतो. मी एकदा विचारलं होतं की एवढी माती कशाला सोडायची, तिच्यातही काहीतरी असेलच की. मंदा म्हणाली, “असंल ना. पण आपण चुकलो असू तर दुसऱ्याला येऊन बघता आलं पाहिजे.” आपण चुकू शकतो हे गृहीत धरून काम करणारी माणसं मी आयुष्यात फार थोडी पाहिली. कोर्टात तर जवळपास नाहीतच.

करमाडच्या कौसल्याबाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांची मुलगी रेखा नाहीशी होऊन दहा-बारा वर्षं लोटली होती. रेखा गंगापूरकडं दिली होती. एका उन्हाळ्यात ती सासरहून गेली. पळून गेली, असं नवऱ्यानं सांगितलं, गावानं मानलं, पोलिसांनी लिहिलं. कौसल्याबाईंना तर सख्ख्या भावानं लग्नाला बोलावणं बंद केलं. त्या माझ्यासमोर बसून एवढंच म्हणाल्या, “पोरगी मेली आसंल, बाई. ते मला त्याच वर्षी कळलं. पण ती पळून गेली न्हवती. तेवढं कागदावर लिहून पायजे मला.” मग कधीतरी नवऱ्याचं आणि त्याच्या भावाचं वाटणीवरून फाटलं आणि त्या भावानंच तोंड उघडलं, की रेखाला मारून गोठ्याखाली पुरलंय. पोलीस गेले. कसे गेले, तर जेसीबी घेऊन.

त्या दुपारचं वर्णन मला कौसल्याबाईंकडून, पंचांकडून आणि नंतर खुद्द एका शिपायाकडून ऐकायला मिळालं. सारं गाव बघायला लोटलं होतं. जेसीबीनं मोडका गोठा पाडला, जमीन ओरबाडली, मातीचे डोंगर केले. ढिगात काही हाडं दिसली, ती पोत्यात भरली. मग एका भल्या शिपायाला वाटलं की मेलेल्या माणसाची हाडं अशी मातीसकट कशी पाठवायची. त्यानं विहिरीवरची मोटर चालू करायला लावली आणि पाइपाखाली सगळी हाडं स्वच्छ धुतली, पुसली, नव्या कापडावर ओळीनं मांडली. त्या माणसाच्या मनात दयाच होती, म्हणून त्याच्यावर मी चिडत नाही. मी चिडते ती शेजारी मोबाइल बघत उभ्या असलेल्या त्याच्या साहेबांवर. हाडं कुठल्या जमिनीत होती हे सिद्ध करायला त्यांना चिकटलेली मातीच उपयोगी पडली असती, ती पाण्याबरोबर वाहून गेली.

हाडं रेखाचीच होती. आईच्या रक्तावरून प्रयोगशाळेनं तसं कळवलं. आपल्याला वाटेल, झालं की मग. पण नवऱ्याच्या बाजूनं सांगितलं गेलं की ती ढिगाची माती. शेतरस्त्यासाठी बाहेरून आणलेला मुरूमही तिथंच पडला होता. हाडं त्याबरोबर आली असतील, नाहीतर दुश्मनी असलेल्या भावानं परवा आणून टाकली असतील. रेखा इथंच पुरली होती आणि तेव्हाच पुरली होती, हे कोण सांगणार? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण जेसीबीनं त्या बोंबांना जागा करून दिली होती.

मी मंदाकडं गेले. ती आधी नाहीच म्हणाली. “माझी माणसं दोन हजार वर्षांमागं मेलेली आहेत, नलू. त्यांच्या आया खड्ड्याच्या काठावर येऊन बसत नाहीत.” ती चहा करायला आत गेली आणि तिथूनच तिनं विचारलं, “झाड होतं का गोठ्याजवळ?” मी म्हटलं, कडुनिंब आहे. “मग जेसीबी बुंध्यापाशी गेला नसंल. चल.”

आणि तसंच होतं. कडुनिंबाच्या बाजूला गोठ्याच्या कोपऱ्यातल्या जमिनीचा एक तुकडा शाबूत राहिला होता, बाकी सगळं रणांगण. मंदानं ढीग पाहिले, आणि तिच्या तोंडून ज्या शिव्या निघाल्या त्या कुठल्याही पुरवणीत छापता येणार नाहीत. साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्ही ब्रशनं खणत बसणार, आम्हाला बाकीची कामं नाहीत का?” मंदा म्हणाली, “तुमचं काम तुम्ही येका दुपारीत केलं ना. आता ते निस्तरायला मला दिवस लागतील. सावलीत बसा.” ती त्या तुकड्याच्या जेसीबीनं कापलेल्या अंगासमोर गुडघ्यावर बसली. थापीनं तिनं ते अंग हळूहळू तासून सरळ केलं. उन्हात ते सगळं एकाच करड्या रंगाचं दिसत होतं, मला तर घराची भिंत आणि ते यात फरक दिसेना. मग तिनं पिशवीतून ती निळी बाटली काढली. घरून इस्त्रीची बाटली उचलून आणली होती. बारीक फवारा मारत ती वरून खाली आली, आणि ओल्या मातीत रंग उमटायला लागले. खाली पिवळट मुरूम. त्यात उतरलेला एक खड्डा, काठ अगदी स्पष्ट, आणि त्या खड्ड्यात काळी माती अन् पिवळा मुरूम गिचमिड झालेला. मी विचारलं, हे असं आपोआप होत नाही का? ती म्हणाली, “वरणभात कालवलास की पुन्हा भात वेगळा अन् वरण वेगळं करून दाखव मला. एकदा खणून बुजवलं की माती कालवली जाते. मग शंभर वर्षं गेली तरी कळतं.” 

त्या खड्ड्याच्या तळाशी, जेसीबीच्या दातांपासून वीतभर आत, दोन पावलांची हाडं होती. एका बोटात जोडवं होतं. कौसल्याबाई काठावर बसून होत्या. त्या रडल्या नाहीत. “झाकू नका लगेच,” म्हणाल्या, “बघू द्या मला.” मंदानं हात थांबवला आणि ती बाजूला सरकली. पंच, पोलीस, फोटोवाला, सगळे तसेच उभे राहिले… मग कौसल्याबाईंनीच पदर सावरला आणि म्हणाल्या, “करा तुमचं काम, ताई.”

पण खरी गोष्ट पायांच्या वर होती. त्या कालवलेल्या खड्ड्याच्या डोक्यावरून एक ठोकून बसवलेला मुरमाचा पट्टा सरळ गेला होता, कुठंही न तुटता. ती गोठ्याची जमीन. तिच्यावर वर्षानुवर्षांच्या शेणाचे आणि राखेचे पापुद्रे. म्हणजे खड्डा आधीचा, गोठा नंतरचा. गोठा झाल्यावर तिथं कुणी काही पुरलं असतं तर तो पट्टा फुटला असता. आणि गोठा कधीचा, हे शोधायला मंदाला कुठं जावं लागलं नाही. बायको गेली त्या उन्हाळ्यात दुःख विसरायला आपण एकट्यानं हा गोठा उभा केला, असं रेखाचा नवरा गावभर सांगत आला होता. गाव त्याची कीव करत होतं. माणूस एवढा निर्ढावलेला असू शकतो, यावर मंदाचा विश्वास बसेना. माझा लगेच बसला, मी फौजदारी वकील आहे.

हाडं काढून झाल्यावर साहेबांना उरलेला तुकडा सपाट करून मोकळं व्हायचं होतं. मंदा आडवी आली. खड्ड्याचा अर्धा भाग आणि त्यावरचा तो पट्टा दाखवणारा हात-दीड हात रुंदीचा बांध तिथंच उभा राहील, असं तिनं ठणकावलं. फोटो आहेत, नकाशा आहे, आणखी काय पाहिजे, असं साहेब विचारत होते. ती म्हणाली, “फोटोवर मी सांगते ते ऐकावं लागतं. बांधावर ज्याचं त्याला बघता येतं.” मी कोर्टाकडून जागा जशीच्या तशी ठेवण्याचा हुकूम घेतला. बांधावर पोती गुंडाळली, वर पत्रे टाकले, पत्र्यांवर दगड ठेवले. पुढं कौसल्याबाई दर आठवड्याला करमाडहून एसटीनं शहरात आणि तिथून गंगापूरच्या जीपमधून तिथं जात राहिल्या. व्याह्यांच्या रानात पाय ठेवायची सोय नव्हती, म्हणून रस्त्याच्या कडेला बसून नुसते पत्रे जागेवर आहेत ना ते बघायच्या आणि परत फिरायच्या. कुठं गेली होतीस असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, “लेकीकडं.”

पुढचं सगळं तारखांचं रडगाणं. मंदाची सरतपासणी, म्हणजे आमच्या बाजूनं घेतलेली साक्ष, झाली तेव्हा तिनं कोर्टात वरणभाताचंच उदाहरण दिलं आणि न्यायाधीशांनी ते हसत लिहून घेतलं. उलटतपासणी मात्र कधी झालीच नाही. मध्ये न्यायाधीश बदलले. एकदा फोटो पडद्यावर दाखवायचं यंत्र मिळालं नाही. ती प्रत्येक वेळी कडक साडी नेसून आली आणि डबा खाऊन परत गेली. आमची शेवटची भेट त्याच व्हरांड्यातली. मी वैतागून बोलत होते, तर ती पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, “वरडतेस कशाला? दोन हजार वर्षं थांबणारी माणसं बघितलीत मी. हे काय, चार तारखा.” मग थोडं थांबून म्हणाली, “पण ती बाई थकली गं…” स्वतः थकली आहे, हे बोलली नाही.

तिच्या शोकसभेला मी गेले. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण ज्यानं काढली त्यानं आपल्याकडच्या शोकसभा पाहिलेल्या असाव्यात. जे सहकारी तिच्या पाठीमागं ‘आता वाघमारे मॅडमनी हाडं उकरायचा धंदा काढलाय’ म्हणत होते, ते गहिवरून मणी आणि खापरांवर बोलले. एक जण म्हणाले, मंदाताईंशी माती बोलत असे. मंदा असती तर उठून म्हणाली असती, माती काय बोलत बसत नाही, बघावं लागतं. बाहेरच्या देशांत खुनाच्या तपासाला पुरातत्त्व जाणणारा माणूस आधी बोलावतात, ही त्यांची पद्धत आहे. आपल्याकडं आधी जेसीबी येतो, मग हाडं धुतली जातात, मग खटला लटकतो, मग वरातीमागून घोडं तसं कुणालातरी मंदाची आठवण होते. रेखाबद्दल त्या सभेत कुणी चकार शब्द काढला नाही. कौसल्याबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना कुणी ओळखलं नाही, आणि मी त्यांना घेऊन मध्येच उठून आले.

मी अर्ज दिला. साक्षीदार गेली असली तरी तिनं पाहिलेली गोष्ट जागेवर उभी आहे, दुसऱ्या तज्ज्ञाला ती बघू द्यावी. आरोपीच्या वकिलांनी विरोध केला. नव्या न्यायाधीशांनी विचारलं, “उभी आहे म्हणजे? अजून?” मी म्हटलं, अजून. परवानगी मिळाली. मंदाची जुनी विद्यार्थिनी फरहीन आता दुसऱ्या गावी शिकवते. ती रजा काढून आली. निघताना मी गारखेड्याच्या घराचं कुलूप काढून इस्त्रीच्या टेबलावरची निळी बाटली घेतली. तिच्यात तळाला थोडं पाणी होतं. मंदानंच भरलेलं, त्या मोतिया साडीसाठी. ते ओतून टाकायला माझा हात धजला नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही त्या रानात उभे होतो. पंच, पोलीस, कोर्टानं पाठवलेला अधिकारी, आरोपीचे वकील, आणि कौसल्याबाई, ज्यांनी मंदाच्या त्या खोदकामानंतर पहिल्यांदाच रस्ता सोडून आत पाय ठेवला. पत्रे काढले, पोती सोडली. बांध एका अंगानं थोडा ढासळला होता, बाकी होता तसा. सगळं करडं, कोरडं. वकील माझ्याकडं बघून किंचित हसले. फरहीननं थापीनं अंग तासलं, बाटली हातात घेतली, क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि फवारा मारायला सुरुवात केली. पट्टा आधी आला, सरळ, न तुटलेला. मग त्याच्याखाली खड्ड्याचा काठ उतरत गेला. कालवलेली माती वर आली. मंदानं सांगितलेलं सगळं, जिथं सांगितलं होतं तिथंच. बाटली खुरखुरली आणि पाणी संपलं.

कौसल्याबाई त्या वकिलांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि सरळ आवाजात म्हणाल्या, “दिसतंय का, सायेब? ताईला इचारायचं राह्यलं म्हणत हुता ना. आता इथं इचारा.” वकिलांनी चष्मा काढून पुसला.

पुढची तारीख पडली आहे आणि शिपाई या वेळी फरहीनचं नाव पुकारेल. माझा राग जशाचा तसा आहे. रिकामी बाटली मी आणून माझ्या टेबलावर ठेवली आहे. फरहीन विचारत होती, परत भरून ठेवू का, लागली तर? मी म्हटलं, भर.